न्यू यॉर्कच्या एफएमवर कंट्री का टिकत नाही?

मॅनहॅटनमधल्या एका जाहिरात संस्थेत मी बरीच वर्षं रेडिओवरची वेळ विकत घेण्याचं काम केलं. कुठल्या स्टेशनवर, किती वाजता, किती सेकंदांची जाहिरात घ्यायची आणि तिला किती पैसे मोजायचे, हे ठरवणं माझ्याकडे असे. गेल्या अंकात त्या कामाविषयी लिहिताना कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांच्या, स्टेशनांचा ओझरता उल्लेख झाला आणि त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून हा महिना त्या एका विषयाला.

ताई, आम्ही पॅरामसला राहतो. मेटलाइफ स्टेडियममध्ये कंट्री गायकांचे कार्यक्रम होतात तेव्हा पार्किंगलासुद्धा जागा मिळत नाही. मग एवढ्या मोठ्या न्यू यॉर्क शहरात एफएमवर एक कंट्री स्टेशन का चालू नये? लोक ऐकत नाहीत का?
— एक वाचक, पॅरामस, न्यू जर्सी

लोक ऐकतात. नुसते ऐकत नाहीत, जीव लावून ऐकतात.

न्यू यॉर्कमध्ये १९७३ पासून १०५० एएमवर डब्ल्यूएचएन हे कंट्री स्टेशन होतं. मी या देशात आले तेव्हा ते जोरात होतं. मेट्स संघाचे बेसबॉल सामने त्यावरच लागायचे आणि सामना संपला की पुन्हा गाणी सुरू. डॉली पार्टन आणि मर्ल हॅगर्ड मला त्या स्टेशनने दिले. इंग्रजी शब्द नीट ऐकू येतील अशा चालीत, गोष्ट सांगितल्यासारखी गाणी होती ती. नव्या देशात मला त्यांचा फार आधार वाटला. १ जुलै १९८७ ला डब्ल्यूएचएन बंद झालं आणि त्या जागी डब्ल्यूफॅन हे चोवीस तास खेळांच्या गप्पांचं स्टेशन आलं. तोवर संगीत ऐकणारा माणूस एएम सोडून एफएमकडे वळला होता, त्यामुळे हा बदल समजण्यासारखा होता. कंट्रीची जागा त्याच सुमारास डब्ल्यूवायएनवाय या एफएम स्टेशनने घेतली.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या डब्ल्यूवायएनवायच्या शेवटात आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मालकांनी १०३.५ वरचं कंट्री बंद करून तिथे डब्ल्यूकेटीयू हे नाचाच्या गाण्यांचं स्टेशन आणलं. टॉवर तोच, ताकद तीच. काही महिन्यांत नवं स्टेशन शहरात पहिल्या क्रमांकावर गेलं. आमच्या ऑफिसात ते आकडे आले तेव्हाच मला कळलं, की यापुढे न्यू यॉर्कमधल्या प्रत्येक कंट्री स्टेशनच्या मालकाला हा दाखला दिला जाणार. महानगरातली एफएम फ्रिक्वेन्सी म्हणजे मोक्याच्या रस्त्यावरचा प्लॉट. त्यावरच्या घरात सुखी कुटुंब राहतंय की नाही, हे मालक बघत नाही. पाडून दुसरं काही बांधलं तर भाडं किती वाढेल, एवढं बघतो. डब्ल्यूवायएनवायला ऐकणारे होते, जाहिराती होत्या, ते तोट्यात बुडालं म्हणून गेलं नाही. त्या जागेवर दुसरं काहीतरी जास्त कमावू शकत होतं म्हणून गेलं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये, गार्थ ब्रूक्स हा कंट्री गायक सेंट्रल पार्कमध्ये गायला. अग्निशमन दलाचा अंदाज ९ लाख ८० हजार माणसांचा होता. तो आकडा फुगवलेला असेल असं म्हणणारेही आहेत, पण गर्दी अफाट होती यावर वाद नाही. आणि त्या दिवशी शहरभर नीट ऐकू जाईल असं एकही कंट्री स्टेशन न्यू यॉर्कला नव्हतं. उपनगरांतल्या १०७.१ वरच्या लहान लहान स्टेशनांची साखळी जोडून 'वाय-१०७' चालवत होते, पण मॅनहॅटनमध्ये खरखर यायची. तेही २००२ मध्ये संपलं.

मग जवळजवळ अकरा वर्षं काहीच नाही. जानेवारी २०१३ मध्ये क्युम्युलस कंपनीने एका धार्मिक संस्थेची ९४.७ ही न्यूअर्कची फ्रिक्वेन्सी ४ कोटी डॉलरना घेतली आणि 'नॅश एफएम' सुरू केलं. देशभर 'नॅश' हे नाव पसरवायचं आणि त्याचा झेंडा न्यू यॉर्कमध्ये रोवायचा, असा बेत होता. २०१७ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१९ मध्ये स्टेशन एंटरकॉमकडे गेलं, ती कंपनी पुढे ऑडसी झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ९४.७ वर जुन्या हिप-हॉपचं 'द ब्लॉक' आलं.

आता तुमच्या स्टेडियमच्या गर्दीबद्दल. केनी चेस्नी तिथे कितीदा तरी आला, जॉर्ज स्ट्रेट आला, ल्यूक कोम्ब्स आला. एका संध्याकाळी ऐंशी हजार माणसं, पण ती तीन-चार राज्यांतून येतात आणि उन्हाळ्यात एकदा येतात. स्टेशनला तोच माणूस मंगळवारी सकाळी सव्वाआठला गाडीत हवा असतो, बुधवारी पुन्हा हवा असतो. शिवाय तो कुठे राहतो हेही महत्त्वाचं. आमच्या भागातले कंट्री ऐकणारे मोठ्या संख्येने लाँग आयलंडच्या पूर्वेला, स्टेटन आयलंडवर, रॉकलंडमध्ये, न्यू जर्सीच्या ससेक्स आणि हंटरडनमध्ये राहतात. त्यांना पिकअप विकणारा डीलर ससेक्समध्येच असतो. त्याने न्यू यॉर्कच्या स्टेशनवर जाहिरात घेतली तर दोन कोटी लोकवस्तीचा दर मोजावा लागतो, आणि त्यातले बहुतेक लोक त्याच्या दुकानाकडे कधी फिरकणार नसतात. त्यामुळे कंट्रीवर हक्काने पैसे लावणारा छोटा जाहिरातदार महानगराच्या स्टेशनला परवडत नाही आणि स्टेशन त्याला परवडत नाही.

राहिले मोठे जाहिरातदार. ते आमच्यासारख्यांमार्फत येत. पंचवीस ते चौपन्न वयाच्या श्रोत्यांत जी वरची पाच-सहा स्टेशनं असतील तिथे बजेट संपून जाई. अठराव्या किंवा विसाव्या क्रमांकावरच्या स्टेशनचा विक्रेता आमच्याकडे येऊन कळकळीने सांगायचा, की माझे श्रोते स्टेशन बदलत नाहीत, जाहिरातीत आलेली वस्तू ते खरोखर विकत घेतात. तो खरं बोलत असे. पण तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नसायचा.

आणखी एक गणित सांगते, कारण ते मला नेहमी अन्यायाचं वाटत आलं आहे. न्यू यॉर्क परिसराची वस्ती साधारण दोन कोटी, कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिल परिसराची साधारण वीस लाख. रेडिओ दोन्हीकडे सारखाच ऐकला जातो असं धरा. मग न्यू यॉर्कमध्ये दोन टक्के वाटा मिळवणाऱ्या स्टेशनचे श्रोते नॅशव्हिलमध्ये दहा टक्के मिळवणाऱ्या स्टेशनच्या दुप्पट होतात. नॅशव्हिलचं ते स्टेशन मोठं यशस्वी म्हणून मिरवेल. न्यू यॉर्कचं अपयशी म्हणून बंद होईल.

मग शिकागोत कसं चालतं? माझा भाऊ नेपरव्हिलला असतो. त्याच्या गाडीत यूएस ९९ कायम लावलेलं असतं.
— एक वाचक, प्लेनफिल्ड

तुमच्या भावाला माझा नमस्कार कळवा. ९९.५ वरचं डब्ल्यूयूएसएन १९८१ पासून कंट्री वाजवतंय. मालक बदलले, स्टेशन राहिलं.

शिकागोचं आणि कंट्रीचं नातं नॅशव्हिलइतकंच जुनं आहे, उलट थोडं अधिक. 'नॅशनल बार्न डान्स' हा कार्यक्रम शिकागोच्या डब्ल्यूएलएसवर एप्रिल १९२४ मध्ये सुरू झाला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमवर पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' झालेला कार्यक्रम सुरू झाला तो १९२५ च्या नोव्हेंबरात. डब्ल्यूएलएस ही सीअर्स रोबक कंपनीची निर्मिती. तिच्या सामानाची यादी चाळून टपालाने खरेदी करणारे शेतकरी हेच तिचे श्रोते. पुढे स्टेशन 'प्रेअरी फार्मर' या शेतकी नियतकालिकाकडे गेलं. शहरात बसून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करायचा, हे शिकागोला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यातच केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियातून कारखान्यांत काम शोधत माणसं शिकागो आणि डेट्रॉइटला आली आणि येताना आपली गाणी घेऊन आली. १९६० मध्ये डब्ल्यूएलएस रॉककडे वळलं, तरी श्रोते शहरातच होते. १९७५ मध्ये एनबीसीने आपलं ६७० वरचं डब्ल्यूएमएक्यू कंट्री केलं. बक्षीस जिंकायचं तर फोन उचलल्याबरोबर 'डब्ल्यूएमएक्यू मला श्रीमंत करणार' या अर्थाचं वाक्य म्हणायचं, ही त्याची स्पर्धा जुन्या शिकागोकरांना अजून आठवते.

म्हणजे १९८१ मध्ये डब्ल्यूयूएसएन आलं तेव्हा जमीन नांगरलेली होती. दुसरं कारण भूगोलाचं. न्यू यॉर्कमध्ये उपनगरांकडे जाताना नदी, खाडी, डोंगर आड येतात आणि ९४.७ तर मुळात न्यूअर्कचं स्टेशन. शिकागोची जमीन सपाट. शहरातल्या उंच इमारतीवरून निघालेला सिग्नल नेपरव्हिलच्याही पुढे स्वच्छ पोहोचतो.

फिलाडेल्फियाचं डब्ल्यूएक्सटीयू १९८४ पासून ९२.५ वर आहे. तिथलं शहर काही गायीगुरांचं नाही. पण पेनसिल्व्हेनियाच्या आणि दक्षिण जर्सीच्या उपनगरांना त्या स्टेशनने सलग जपलं. न्यू यॉर्कमध्ये सलगपणाच मिळाला नाही. दर दहा वर्षांनी श्रोत्याला सांगायचं, नवं स्टेशन आलंय, आता या फ्रिक्वेन्सीवर या. आणि त्याला सवय लागते न लागते तोच ते काढून घ्यायचं.

लॉस एंजेलिसला नोकरीनिमित्त जाणार आहे. तिथे कंट्री ऐकायला मिळेल का?
— एक वाचक, जर्सी सिटी

मिळेल. १०५.१ लावा, 'गो कंट्री'.

त्यामागची हकिगत मला फार प्रिय आहे. ९३.९ वरचं केझेडएलए १९८० पासून तिथलं कंट्री स्टेशन होतं. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच्या मालक कंपनीने ते बंद करून नाचाची गाणी आणली. हिशेब तोच, न्यू यॉर्कच्या १०३.५ चा. देशातली दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ, शेजारी बेकर्सफिल्डसारखं कंट्रीचं माहेर, आणि शहराला स्टेशन नाही. त्या वेळी सॉल लेविन नावाच्या स्वतंत्र मालकाने निर्णय घेतला. १०५.१ हे स्टेशन त्यांनी १९५९ मध्ये स्वतः उभं केलेलं. त्यावर आधी बरीच वर्षं जॅझ, मग पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत असे. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी तिथे कंट्री आणलं, आणि ते टिकलं. ९३.९ वरचा नाचाचा प्रयोग मात्र तीन वर्षंही चालला नाही. २००९ मध्ये ती फ्रिक्वेन्सी स्पॅनिश कार्यक्रमांकडे गेली.

लेविन यांच्यावर शेअर बाजाराचा दबाव नव्हता आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर नव्हता. एका शहरातलं एक स्टेशन नीट चालवून समाधान मानणं त्यांना शक्य होतं. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात किती स्टेशनं बाळगायची याची मर्यादा उठली आणि मोठ्या शहरांत एका मालकाला आठपर्यंत स्टेशनं घेता येऊ लागली. त्यानंतर असे मालक भराभर कमी झाले. याचा फटका कंट्रीला कसा बसतो ते सिएटलमध्ये बघा. तिथे केएमपीएस आणि 'द वुल्फ' अशी दोन कंट्री स्टेशनं एकमेकांशी झुंजत होती. २०१७ मध्ये सीबीएसचा रेडिओ एंटरकॉममध्ये विलीन झाला, दोन्ही स्टेशनं एकाच छताखाली आली, आणि काही दिवसांतच केएमपीएसचं कंट्री बंद. चाळीसहून अधिक वर्षांची परंपरा होती त्याला. स्वतःशीच स्पर्धा कशाला करायची, एवढाच विचार.

श्रोते मोजतात कसे? मला कधी कुणी विचारलेलं नाही.
— एक वाचक, एडिसन

आधी आर्बिट्रॉन कंपनी निवडक घरांत एक छोटी वही पाठवायची. आठवडाभर काय ऐकलं ते त्यात लिहायचं. कंट्रीचा श्रोता त्यात आपल्या स्टेशनचं नाव मनापासून लिही, 'सकाळपासून संध्याकाळपर्यंत' असंही लिही. मोठ्या शहरांत २००७-०८ पासून वही जाऊन मीटर आलं. पेजरसारखं यंत्र कमरेला लावायचं. स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती ते टिपतं. २०१३ पासून हे काम निल्सन कंपनीकडे आहे. मीटरला तुमचं प्रेम कळत नाही, फक्त खूण कळते. दंतवैद्याच्या खोलीत लागलेलं स्टेशनही तुमच्या नावावर पडतं, आणि गाडीतून उतरल्यावर तुमचं आवडतं स्टेशन तिथेच थांबतं. त्यामुळे सुरुवातीला कंट्रीसारख्या निष्ठावान श्रोत्यांच्या स्टेशनांचे आकडे खाली आले, आणि सगळ्यांना थोडं थोडं आवडणारी, दुकानांत सहज लावली जाणारी स्टेशनं वर गेली. पंधरा मिनिटांतली किमान पाच मिनिटं ऐकली तरच नोंद, असा नियम होता. २०२५ पासून तो तीन मिनिटांवर आणला आहे. म्हणजे दोन गाण्यांऐवजी एक गाणं पुरतं.

माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणते, "आई, ही गोऱ्या लोकांची गाणी आहेत, आपल्यासाठी नाहीत." मला तर आवडतात. महानगरांत कंट्री न चालण्याचं हेच कारण असेल का?
— एक वाचिका, क्वीन्स

मोठं कारण आहे, आणि मुलीचं म्हणणं झटकून टाकू नका. कंट्री रेडिओचे श्रोते प्रामुख्याने गोरे आहेत. २०२० च्या जनगणनेत न्यू यॉर्क शहरात हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होतं. लॉस एंजेलिसमध्ये जवळपास निम्मी वस्ती हिस्पॅनिक आहे आणि तिची स्वतःची भक्कम स्टेशनं आहेत. साहजिकच कंट्रीच्या वाट्याला येणारा भाग लहान.

पण हा भाग लहान ठेवण्यात कंट्री रेडिओचा स्वतःचाही हात आहे. बँजो हे वाद्यच आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी इथे घडवलं. ऑप्रीच्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाने सत्तरच्या दशकात एकामागून एक गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. एवढं असूनही स्टेशनांनी वर्षानुवर्षं दार अरुंदच ठेवलं. २०१५ मध्ये एका नामांकित सल्लागाराने तर उघडपणे सांगितलं, की रेटिंग हवं असेल तर गायिकांची गाणी कमी लावा. त्याच्या भाषेत गायक म्हणजे सॅलडची पानं आणि गायिका म्हणजे त्यावरचे टोमॅटो. मी ते वाचलं तेव्हा रागाने थरथरत होते, आजही तो राग गेलेला नाही. डॉली पार्टन, लोरेटा लिन, रीबा मॅकेंटायर यांना कुणी टोमॅटो म्हणावं?

२०२४ मध्ये बियॉन्सेचा कंट्री अल्बम आला आणि शाबूझी या नायजेरियन आईवडिलांच्या मुलाचं गाणं देशातल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. ते कंट्री रेडिओवरही अव्वल ठरलं. क्वीन्समधली मुलं ते गाणं ऐकत होती, पण फोनवर. न्यू यॉर्कला तेव्हा कंट्री स्टेशन असतं तर ही मुलं त्याच्याकडे आली असती असं मला मनापासून वाटतं. ऑडसीने तीन वर्षं धीर धरायला हवा होता. मुलीला चार्ली प्राइड ऐकवा. मत बदललं नाही तरी चालेल, पण माहीत असू दे.

मग आज न्यू यॉर्क-न्यू जर्सीत राहून कंट्री रेडिओ ऐकायचा तर कसा?
— बऱ्याच वाचकांकडून

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. जर्सी शोअरकडे, मॉनमथ आणि ओशन काउंटीत, 'थंडर १०६' लागतं. प्रिन्स्टनच्या दक्षिणेला फिलाडेल्फियाचं ९२.५ बऱ्यापैकी येतं. गाडीत सिरियसएक्सएम हा उपग्रहावरचा रेडिओ असेल तर त्यावरचं 'द हायवे' नव्या गाण्यांसाठी चांगलं आहे, पण तिथे तुमच्या गावची बातमी, तुमच्या रस्त्यावरची कोंडी कळणार नाही. स्टेशनांची अॅप फुकट आहेत. शिकागोचं यूएस ९९ क्वीन्सच्या स्वयंपाकघरात सहज लागेल.

आणि एएम ऐकायची हौस असेल त्यांच्यासाठी: नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम ६५० वर पन्नास हजार वॅटने चालतं आणि रात्री त्याच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. आपल्याकडे अडचण अशी, की लगेच शेजारी ६६० वर, १९८८ मध्ये १०५० सोडून तिथे आलेलं, डब्ल्यूफॅन आहे, तेही पन्नास हजार वॅटचं आणि जवळचं. शहरात ते ६५० ला पूर्ण गिळून टाकतं. पण ससेक्स किंवा वॉरनच्या बाजूला राहत असाल तर फिरवता येणारी लूप अँटेना घ्या, ६६० चा आवाज सगळ्यात कमी होईल तिथे ती थांबवा, मग काटा ६५० वर आणा. हिवाळ्यात, शनिवारी रात्री, ऑप्रीच्या वेळेला करून बघा. दिव्यांचे डिमर आणि फोनचे चार्जर आधी बंद करा, त्यांची खरखर फार येते.